आतल्या दुखण्याची डॉक्टर

धारूरला दवाखाना सुरू केला तेव्हा पाटीवर माझ्या नावाखाली 'एम.डी. मेडिसिन' एवढंच लिहून घेतलं होतं. सुरुवातीला लोक दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे गोळ्या विकत घ्यायला यायचे. मेडिसिन म्हणजे मेडिकल, असा त्यांचा सरळ हिशोब होता. एकदा खोकल्यासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी तपासून झाल्यावर मला विचारलं, "तुमी नेमक्या कशाच्या डॉक्टर?" हाडांचा, डोळ्यांचा, बाळंतपणाचा डॉक्टर त्यांना ठाऊक होता. मी सांगितलं की हृदय, फुप्फुस, किडनी, लिव्हर, रक्त, ताप, सगळंच बघते, फक्त कापत नाही. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हंजी आतल्या दुखण्याच्या."

गावात मग तीच ओळख झाली. आज मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात बसते. माझ्या दारावरची पाटी इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, आणि ती वाचून कुणी मला काही विचारत नाही. इथे माझ्यापर्यंत येईतो माणसाचे आधीच वाटे झालेले असतात. हृदय एकाकडे, किडनी दुसऱ्याकडे, थायरॉइड तिसऱ्याकडे. उरलेला ताप आणि अशक्तपणा माझ्या वाट्याला. काम वाईट नाही. पण दुपारी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडताना अजूनही कधी कधी धारूरची ओपीडी आठवते आणि ते हातातच राहतं.

तिथे दवाखाना खाली होता आणि मी वर राहत होते. वरच्या खिडकीतून डोंगराची कड आणि किल्ल्याचा एक तुटका बुरूज दिसायचा. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवरा हृदयाचं पुढचं शिक्षण घ्यायला चेन्नईला गेला होता. त्याची ड्यूटी संपायची तेव्हा माझी सुरू व्हायची, म्हणून फोनवर बोलणं नेहमी अर्ध्यात तुटायचं. त्या दिवसांत मी पेशंट संपू नयेत असं मनोमन म्हणत असे. पेशंट संपले की जिना चढून वर जावं लागायचं, आणि वर कुणी नसायचं.

अशा एका दुपारी एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले. वडिलांचं गावातच कापडाचं दुकान होतं. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म, बोलणं हळू. मुलगी तिशीच्या आतली, भिंतीला हात लावत लावत आली आणि खुर्चीत बसली ती डोळे मिटूनच. तिला पाटोद्याला दिलं होतं, सासरी किराण्याचं मोठं दुकान. वर्षभरापासून ती नुसती वाळत चालली होती. जेवण जात नव्हतं, मळमळायचं, उठलं की अंधारी यायची. सलाइनं झाली, ताकदीच्या बाटल्या झाल्या, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. शेवटी सासूनं सांगितलं होतं की माहेरी जा, आराम कर, बरी होऊन ये. त्यालाही आता कितीतरी महिने होऊन गेले होते.

वडील हळूच म्हणाले, "आन् रंग बी बघा की मॅडम. आमच्या घरात कुणीच असं काळं न्हाई. लोक कायबी बोलतेत."

आमचे मेडिसिनचे सर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकवताना एक गोष्ट सतत करायचे. पेशंटशी बोलता बोलता त्याचा हात हातात घ्यायचे आणि तळवा उलटा करून बघायचे. आम्ही विद्यार्थी मागे उभं राहून हसायचो की सर भविष्य बघतात. ती सवय नकळत माझ्यातही आली होती. मी तिचा हात घेतला. तळहाताच्या सगळ्या रेषा शाईनं ओढल्यासारख्या काळ्या होत्या. बोटांची पेरं काळी, लहानपणीचा कोपरावरचा व्रण काळा. तोंड उघडायला लावलं तर हिरड्यांवर निळसर काळे डाग. उन्हानं काळी झालेली बाई तळहाताच्या रेषांमध्ये काळी होत नाही.

मी तिला विचारलं की सगळ्यात जास्त काय खावंसं वाटतं. तिनं वडिलांकडे एकदा बघितलं. मी त्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं. ते गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्यासमोर धरली. गाठीत खडेमीठ होतं.

"चोरून खाते," ती म्हणाली. "दुकानातल्या पोत्यातून घ्यायची. आत्याबाईंनी बघितलं एकदा."

आत्याबाई म्हणजे सासू. त्यांनी ते बघितल्यावर घरात बराच गोंधळ झाला होता. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. तिला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की आपल्यातच काहीतरी वाईट आहे. मीठ खाल्ल्यावर तासभर बरं वाटायचं, एवढंच तिला कळत होतं.

मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. ते निवृत्त झाले होते, दुपारी झोपत असावेत, पण उचलला. मी भराभर सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी विचारलं, "उभं करून बीपी घेतलंस का?"

मी घेतलं नव्हतं. आत जाऊन तिला आडवं केलं, बीपी बघितलं, कमी होतं. सिस्टरला तिच्या पाठीशी उभं केलं आणि तिला उठवलं. ती उभी राहिली आणि पारा असा खाली गेला की आम्ही दोघींनी तिला धरून पुन्हा आडवं केलं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बाजूला सारून छाती ऐकली, तर हृदय लहान पाखरासारखं धडधडत होतं. रक्त काढून लातूरला पाठवलं आणि उत्तराची वाट न बघता सलाइन आणि इंजेक्शन सुरू केलं. अशा वेळी कागद यायची वाट बघायची नसते, हेही सरांनीच शिकवलं होतं.

वडिलांना मी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन किडन्या, आणि प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी. ती ग्रंथी शरीराला ताकद देणारा रस तयार करते, मीठ धरून ठेवते. हिच्या त्या दोन्ही ग्रंथी वाळून गेल्यात. म्हणून मीठ अंगात थांबत नाही, म्हणून शरीर मीठ मागतं. रंगसुद्धा त्यामुळेच. त्यांना आठवलं की ती शाळेत असताना मानेला गाठी झाल्या होत्या, टीबीच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या होत्या. ते दुखणं गेलं असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आत जाऊन बसलं होतं.

"म्हंजी तिचं डोकं ठीक हाय," वडील म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी भस्म लावलेल्या कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला खाली आले तर ती खाटेवर उठून बसली होती आणि स्वतःचे केस विंचरत होती. तिची आई भाकरी आणि वरण घेऊन आली होती. ती सगळं जेवली. आई दाराकडे तोंड करून रडत होती, मुलीला दिसू नये म्हणून. मेडिसिनमध्ये असे दिवस फार थोडे येतात. आमच्याकडे बहुतेक दुखणी सांभाळायची असतात, मुळापासून जात नाहीत. बीपी, शुगर, दमा, वर्षानुवर्षं सोबत चालायचं. पण कधी तरी एखादं माणूस एका इंजेक्शननं असं परत येतं की आपण हा रस्ता का धरला ते आठवतं. लातूरहून रिपोर्ट आला तो आमच्या अंदाजासारखाच होता. नंतर अंबाजोगाईला पोटाचा स्कॅन केला, त्यातही तेच दिसलं.

पुढचं काम अवघड होतं. त्याच औषधाच्या गोळ्या आता जन्मभर घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ताप आला तर दुप्पट करायच्या, उलट्या झाल्या तर इंजेक्शन लागणार. गावात लगेच कुणीतरी सांगितलं की स्टेरॉइड आहे, हाडं खातं, सूज येते. वडील घाबरून विचारायला आले. मी म्हटलं, "काका, दुसऱ्याच्या अंगात हे औषध जास्तीचं होतं. हिच्या अंगात ते नाहीच, आपण फक्त तेवढंच भरून काढतोय." ते त्यांना पटलं. दुकानदार माणूस, माल संपला की भरावा लागतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर ती तपासायला यायला लागली, आणि नेहमी सगळ्यात शेवटी. सिस्टर चहा ठेवायची. तपासणी पाच मिनिटांची असायची, मग ती बसून राहायची, आणि मलाही तेच हवं असायचं. ती सासरचं सांगायची. मला वाटलं होतं ती कडवट बोलेल. पण तिला घराची, त्याहून जास्त त्या दुकानाची ओढ लागली होती. गूळ, हिंग आणि तागाच्या पोत्यांचा मिळून येणारा वास. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणारी गिऱ्हाइकं. आत्याबाईंनी तिला शिकवलं होतं तूरडाळ दाताखाली धरून ओळखायची, हळद बोटावर चोळून बघायची. लग्नानंतर दोनच वर्षांत ती गल्ल्यावर बसायला लागली होती. "आमच्या इकडं सुनेला गल्ल्यावर कोण बसवतंय," ती म्हणायची. "त्यांनी बसवलं." मग जरा थांबून, "त्यांनीच धाडून दिलं."

सीताफळं पिकली की ती डोंगराकडची सीताफळं घेऊन यायची. आम्ही दोघी बिया ताटलीत टाकत खायचो. तिचा रंग हळूहळू उतरत होता. आधी चेहरा, मग हात. ती मला विचारायची, "साहेब कवा येणार?" मी म्हणायची, अजून वर्ष आहे. ती मान हलवायची. दर वेळी निघताना तिचा एकच प्रश्न असायचा, की आता सासरी गेलं तर चालेल का. मी दर वेळी सांगायची की तब्येतीच्या बाजूनं तू उद्यासुद्धा जाऊ शकतेस. ती हसायची. अडचण तब्येतीची नव्हती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती बरी झाल्याचा निरोप वडिलांनी पाठवला होता. तिकडून 'बघू' असं उत्तर आलं होतं. तिच्या नवऱ्याचा फोन आधी रोज यायचा, मग कधीमधी, मग फक्त सणाला.

तिच्या तपासणीच्या एका तारखेला ओपीडीत एक अनोळखी माणूस नंबर लावून बसला होता. आत आल्यावर त्यानं काही दुखतं म्हणून सांगितलं नाही. तो तिचा नवरा होता. घरी आडतीच्या कामाला चाललो असं सांगून आला होता. मी रागावले असते, पण तो इतका अवघडून बसला होता की राग मनातल्या मनात विरला. त्यानं विचारलं, दुखणं परत उलटेल का. गोळी कायमचीच का. लेकरू होईल का. मी एकेकाचं उत्तर दिलं. नीट औषध घेतलं तर सगळं होईल, लेकरूही होईल. तो ऐकत होता आणि हातातली रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत होता.

मी विचारलं की तिच्या घरी जाऊन आलात का. तो म्हणाला, "न्हाई गेलो. कोणत्या तोंडानं जाऊ? आज ती हितं येती म्हनून आलतो. लांबून बघून जावं म्हनलं."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. थोड्या वेळानं ती आली. दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता, मला दोघंही दिसत होते. तिनं त्याला बघितलं, पाय थांबले, मग ती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मध्ये एक म्हातारी बाई आणि तिची पिशवी. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी आतल्या पेशंटला काय सांगत होते ते आज मला आठवत नाही.

तिचा नंबर आला. तिनं नेहमीसारखा हात पुढं केला, मी बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. सगळं ठीक होतं. बाहेर कोण बसलंय याबद्दल ती काही बोलली नाही. पदर सारखा केला, आणि मग म्हणाली, "मॅडम, ते उलट्या झाल्यावर द्यायचं इंजेक्शन हाय न्हवं, ते त्यांना शिकवा."

मी चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर केली.

"घरात कुनाला तरी यायला पायजे," ती म्हणाली.

मी त्याला आत बोलावलं. सिस्टरनं एक मोसंबी आणली. औषध बाटलीतून कसं ओढायचं, हवा कशी काढायची, सुई मांडीत कुठे आणि किती आत घालायची, हे मी त्याला मोसंबीवर दाखवलं. ती बाजूला उभी राहून बघत होती. एकदा त्यानं सुई वाकडी धरली तेव्हा तिनं त्याचं मनगट हलकेच सरळ केलं. त्या दवाखान्यात मी पुष्कळ लोकांना जगताना आणि मरताना बघितलं, पण एवढं जवळचं काही क्वचितच बघितलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्या क्षणी चेन्नईची फार आठवण आली.

ती त्याच्यासोबत लगेच गेली नाही. त्याला तिनं सांगितलं की धाडलं आत्याबाईंनी, तर न्यायलाही आत्याबाईंनीच यावं. त्यानं वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात सासू आली. ठसठशीत बाई, डोक्यावरून पदर. आधी व्याह्यांच्या घरी गेली, सुनेची ओटी भरली, आणि निघण्याआधी सुनेला घेऊन माझ्याकडे आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "आमाला कळलं न्हाई मॅडम. कळलं असतं तर मिठाचं पोतं तिच्या उशाला ठिवलं असतं." कुणाची माफी मागायची तिला सवय नसावी. सुनेनं तिच्या पदराचा काठ धरला होता.

ती गेली. तिच्या नेहमीच्या तारखेला ओपीडी संपली तेव्हा सिस्टरनं सवयीनं तीन कप चहा ठेवला. मी त्यातले दोन प्यायले आणि वर गेले. पेशंट बरा होऊन जावा यासाठीच आम्ही शिकतो, आणि तो गेल्यावर रिकामं वाटतं, हे कुठल्या पुस्तकात नाही. सरांना सांगितलं असतं तर ते हसले असते. पण तोवर सर गेले होते. त्यांना शेवटची बातमी द्यायची राहून गेली.

माझ्या नवऱ्याचं शिक्षण संपलं, त्याला पुण्यात नोकरी लागली. मी धारूर सोडलं. ज्याची इतकी वाट बघितली ते मिळालं. एक घर, एक स्वयंपाकघर, सकाळी दोघांचा चहा. पण वाट बघण्याच्या त्या दिवसांत माझं मन जसं जागं होतं तसं पुन्हा झालं नाही. नवऱ्याला हे मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, "चेन्नईत माझंही तसंच होतं."

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईला एका कार्यक्रमाला गेले होते. परत येताना ड्रायव्हरला गाडी पाटोद्याकडे वळवायला सांगितली. बाजाराचा दिवस होता. दुकान शोधायला त्रास झाला नाही. ती गल्ल्यावर होती, समोर गिऱ्हाइकांची गर्दी. अंगानं भरलेली, गोरीच म्हणावी अशी. तिनं मला क्षणभर ओळखलं नाही. मग ओळखलं आणि हातातलं माप तसंच ठेवून उठली. आत नेलं. सासूनं चहा केला. शाळेतून आलेल्या आपल्या मुलीला बोलावून तिनं माझ्या पाया पडायला लावलं.

तिच्या नवऱ्यानं सांगितलं की मागच्या पावसाळ्यात तिला डेंगू झाला होता, उलट्या थांबेनात. त्यानं घरीच इंजेक्शन दिलं आणि मग बीडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले की वेळेवर दिलं म्हणून वाचली. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला कळवायची त्यांना गरज पडली नव्हती. ते ऐकून बरं वाटलं, आणि कुठेतरी लागलंही. माझी बॅग गाडीत होती. एकदा बीपी बघावं असं फार मनात आलं. तिला विचारलं तर म्हणाली, बीडचे डॉक्टर दर महिन्याला बघतात, सगळं बरोबर हाय. मी बॅग आणली नाही.

ती गाडीपर्यंत सोडायला आली. काचेवर हात ठेवून म्हणाली, "पुन्यात करमतं का मॅडम?"

मी करमतं म्हटलं. ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग मी म्हटलं, "न्हाई करमत लई."

"मग येत जा की," ती म्हणाली. "दुखणं न्हाई म्हनून यायचं न्हाई, असं कुठं असतंय."

दुकानातून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. कडा गावाच्या पुढे उसानं भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे लागला. दोन ट्रॉल्या, रस्ता अरुंद. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला म्हटलं, राहू दे, चालू दे त्याच्या मागे. मला घाई नाही.